नाकाच्या छतातली गाठ: निदान हाती आल्यावर काय करायचं

माझा घोळणा नेहमी डाव्याच बाजूचा फुटायचा. थोडंसंच रक्त यायचं, पाच मिनिटांत थांबायचं, म्हणून सात महिने मी ते कोरड्या हवेच्या नावावर टाकलं. डावी नाकपुडी चोंदलेली असायची, ती ॲलर्जीच्या नावावर टाकली. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. एकदा प्रयोगशाळेत अमोनियाच्या बाटलीचं बूच काढलं आणि मुलांना दाखवताना उजवी नाकपुडी सहज दाबली. डाव्या नाकात झोंबलं, डोळ्यांत पाणीही आलं, पण वास म्हणून काही कळलं नाही. झोंबणं एका मज्जातंतूचं काम आणि वास ओळखणं दुसऱ्याच मज्जातंतूचं. त्या दुसऱ्याच्या मुळाशी गाठ बसली होती.

तिचं नाव एस्थेसिओन्यूरोब्लास्टोमा, हा एक कॅन्सर आहे. ऑलफॅक्टरी न्यूरोब्लास्टोमा असंही म्हणतात, आजार एकच. वास ओळखणारं जे नाजूक अस्तर नाकाच्या अगदी वरच्या भागात असतं, त्यातून ही गाठ उगवते. त्या अस्तराच्या वर चाळणीसारखं भोकं असलेलं एक पातळ हाड आहे आणि हाडाच्या पलीकडे थेट मेंदू. या आजाराचं पहिलं वर्णन फ्रान्समध्ये बर्जे आणि ल्यूक यांनी १९२४ साली केलं. म्हणजे माहीत होऊन शंभर वर्षं झाली, तरी दर दहा लाख माणसांमागे वर्षाला एकालाही होत नाही इतका हा दुर्मीळ आहे. तुमच्या डॉक्टरांनी आयुष्यात याचा एकही रुग्ण पाहिलेला नसेल, आणि त्यात त्यांचा दोष नाही. मात्र त्यामुळे काही गोष्टी आपल्यालाच विचाराव्या लागतात. नऊ वर्षांत मी त्या एकेक करून शिकले. इथे त्याच लिहिते आहे.

गाठीला हात लावण्याआधी

एकाच नाकपुडीचं चोंदणं, एकाच बाजूचं रक्त, एकाच बाजूचा वास जाणं, एकाच डोळ्यातून सतत पाणी, एक डोळा पुढे आल्यासारखा वाटणं किंवा एकाचे दोन दिसणं. यातलं काहीही तीन आठवड्यांच्या वर टिकलं तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने नाक तपासून घ्या. ॲलर्जी आणि साधे पॉलिप, म्हणजे नाकात वाढणारे मऊ फुगवटे, बहुधा दोन्ही बाजूंना असतात. "एकाच बाजूला" हे शब्द डॉक्टरांसमोर मुद्दाम उच्चारा. मी फक्त "नाक चोंदतं" एवढंच सांगत राहिले आणि औषधही तसंच मिळत राहिलं.

घरी करता येण्यासारखी एक साधी गोष्ट आहे. डोळे मिटा, एक नाकपुडी बोटाने बंद करा, साबणाची वडी नाकाशी धरा. मग दुसरी बाजू. दोन्हींत स्पष्ट फरक असेल तर तोही सांगा. यावरून निदान होत नाही, पण बोलायला नेमकं काहीतरी हाती येतं.

आणि एका बाजूचा पॉलिप दिसला तर तो काढण्याआधी किंवा त्याचा तुकडा घेण्याआधी स्कॅन व्हायलाच हवं. माझ्या बाबतीत ते झालं नाही. "पॉलिप आहे, काढून टाकू" असं म्हणत तो काढला गेला. खूप रक्त गेलं, गाठ अर्धवट निघाली आणि पुढच्या एमआरआयमध्ये मूळ गाठ कुठवर होती आणि सूज कुठली, हे ठरवणं अवघड झालं. निघालेला तुकडा तपासणीला पाठवला गेला, एवढं मात्र चांगलं झालं. काढलेला प्रत्येक पॉलिप पॅथॉलॉजीकडे गेलाच पाहिजे, यात तडजोड नको.

स्कॅन दोन्ही लागतात, सीटी आणि एमआरआय. चाळणीचं हाड कुरतडलं गेलंय का ते सीटीत दिसतं. गाठ मेंदूच्या आवरणाला किंवा डोळ्याच्या खोबणीला भिडली आहे का, आणि सायनसमध्ये दिसणारा भाग गाठ आहे की नुसता साचलेला स्राव, हे कॉन्ट्रास्ट देऊन केलेल्या एमआरआयमध्ये कळतं. मानेत आणि इतरत्र काही आहे का हे पाहायला पेट स्कॅन. या गाठीच्या पेशींवर बऱ्याचदा सोमॅटोस्टॅटिन नावाच्या हार्मोनला पकडणारे रिसेप्टर असतात, म्हणून काही ठिकाणी डोटाटेट नावाचा वेगळा पेट स्कॅनही करतात.

आधी नाव पक्कं करा

सगळ्यांत जास्त कळकळीने सांगायची गोष्ट ही. माझ्या पहिल्या रिपोर्टवर लिहिलं होतं, "छोट्या, गोल, निळ्या पेशींची गाठ". हे निदान नव्हे, हे फक्त वर्णन आहे. नाकात अशा दिसणाऱ्या गाठी पुष्कळ: सायनोनेझल अनडिफरन्शिएटेड कार्सिनोमा, ज्याला सगळे स्नक म्हणतात, न्यूरोएंडोक्राइन कार्सिनोमा, लिम्फोमा, मेलानोमा, ऱ्हॅब्डोमायोसार्कोमा, युइंग सार्कोमा. सूक्ष्मदर्शकाखाली त्या एकमेकींच्या सख्ख्या बहिणी वाटतात, आणि उपचार मात्र प्रत्येकीचा निराळा. लिम्फोमावर मोठी शस्त्रक्रिया करतच नाहीत. स्नकमध्ये हल्ली अनेक ठिकाणी आधी किमो देतात आणि गाठ किती विरघळते ते पाहून पुढचं ठरवतात. आपल्या या गाठीत बहुतेक वेळा शस्त्रक्रिया आधी.

म्हणून हे करा. बायॉप्सी जिथे झाली तिथून पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला गाठीचा तुकडा, आणि काचेच्या स्लाइड्स मागून घ्या. नुसता कागदी रिपोर्ट पुरत नाही. डोकं-मान भागाच्या गाठी रोज पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडे त्या दुसऱ्या मतासाठी पाठवा. रिपोर्टमध्ये इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीचा, म्हणजे खास रंग लावून पेशी ओळखण्याच्या तपासणीचा, परिच्छेद शोधा. आपल्या गाठीत सिनॅप्टोफायसिन आणि क्रोमोग्रॅनिन सहसा पॉझिटिव्ह असतात, आणि एस-१०० हा रंग पेशींच्या पुंजक्यांभोवती कडेकडेने उमटतो. हे शब्द तुम्हाला समजलेच पाहिजेत असं नाही, पण ते रिपोर्टमध्ये आहेत की नाहीत एवढं बघता येतं. नसतील तर तपासणी अर्धी राहिली आहे.

मला दुसऱ्या मतासाठी बारा दिवस लागले. घरात सगळ्यांना वाटत होतं की वेळ चाललाय, उद्याच ऑपरेशन करून टाका. माझा धाकटा भाऊ तर रोज फोन करून रागवायचा. नजर अचानक कमी होत असेल, खूप रक्त जात असेल किंवा गाठ झपाट्याने वाढत असेल तर थांबू नये, हे खरं. तसं नसेल तर नाव पक्कं करायला गेलेले दोन आठवडे वाया जात नाहीत. चुकीच्या नावावर सुरू झालेला उपचार मात्र मागे घेता येत नाही.

आकडे वाचताना

निदान कळल्यावर त्याच रात्री मी मोबाइलवर "किती वर्षं जगतात" शोधलं. तुम्हीही शोधणार. तेव्हा आधी आपल्या तीन गोष्टी माहीत करून घ्या: स्टेज, ग्रेड आणि मानेतल्या लसिकाग्रंथी.

स्टेज कॅडिश पद्धतीने सांगतात, ती १९७६ पासून चालत आली आहे. गाठ नाकाच्या पोकळीतच असेल तर ए, सायनसमध्ये शिरली असेल तर बी, त्यांच्याही पलीकडे म्हणजे चाळणीचं हाड, डोळ्याची खोबण किंवा मेंदूकडे गेली असेल तर सी. मानेत किंवा दूर कुठे पसरली असेल तर डी, ही पायरी नंतर जोडली गेली. ग्रेड हायम्सची, १ ते ४. पेशी किती उग्र दिसतात ते त्यावरून कळतं. १-२ सौम्य, ३-४ आक्रमक.

२००१ साली तोवरच्या दहाएक वर्षांतले अभ्यास एकत्र करून एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. अजूनही सगळीकडे त्यातलेच आकडे दिसतात. पाच वर्षांनी हयात असलेले रुग्ण कॅडिश ए मध्ये ७२ टक्के, बी मध्ये ५९, सी मध्ये ४७. हायम्स १-२ असेल तर ५६ टक्के, ३-४ असेल तर २५. निदानाच्या वेळी मानेत गाठी असतील तर २९ टक्के, नसतील तर ६४. शस्त्रक्रिया आणि रेडिएशन दोन्ही मिळालेल्यांमध्ये ६५ टक्के.

हे वाचून मी बाथरूममध्ये जाऊन रडले, कारण माझी स्टेज सी होती. दुसऱ्या दिवशी शांतपणे पाहिलं तेव्हा दोन गोष्टी लक्षात आल्या. एक, हे रुग्ण दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया आणि आजची नेमकी रेडिएशन यंत्रं सर्रास मिळण्याआधीचे होते. नंतरच्या अनेक मालिकांमध्ये आकडे याहून बरे आहेत. दोन, सी म्हणजे सगळे सी एका माळेचे मणी नव्हेत. चाळणीचं हाड नुसतं कुरतडलेलंही सी आणि मेंदूत खोल शिरलेलंही सी. माझा ग्रेड २ होता, मान स्वच्छ होती. डॉक्टरांना विचारायचा प्रश्न असा: "माझी स्टेज, माझा ग्रेड आणि गाठ पूर्ण निघण्याची शक्यता, तिन्ही मिळून तुम्हाला काय वाटतं?" या प्रश्नाला माझ्या सर्जननी वीस मिनिटं दिली. नुसत्या "किती टक्के?" या प्रश्नाला कुणी दोन मिनिटंही देत नाही.

कुणाकडे जायचं आणि काय विचारायचं

एका डॉक्टरचं हे काम नाही. कान-नाक-घसा सर्जन, न्यूरोसर्जन, रेडिएशन आणि किमोचे डॉक्टर, पॅथॉलॉजिस्ट, रेडिओलॉजिस्ट एकत्र बसून ठरवतात त्याला ट्यूमर बोर्ड म्हणतात. "माझी केस ट्यूमर बोर्डात गेली का, काय ठरलं?" हे विचारा आणि लेखी घ्या. कवटीच्या तळाच्या शस्त्रक्रिया नेहमी करणारी टीम मिळत असेल तर त्यासाठी प्रवास करावा लागला तरी करा.

शस्त्रक्रिया दोन तऱ्हेने होते. जुनी पद्धत म्हणजे कपाळाच्या बाजूने कवटी उघडून आणि चेहऱ्याच्या बाजूने, दोन्हीकडून गाठ काढणं. हल्ली योग्य रुग्णात सगळं नाकपुड्यांतून, दुर्बिणीने करतात. चेहऱ्यावर वण नको म्हणून दुर्बीण असा विचार करू नका. कडा स्वच्छ निघणं, म्हणजे काढलेल्या भागाच्या सीमेवर गाठीच्या पेशी न सापडणं, हेच महत्त्वाचं. जी पद्धत तुमच्या गाठीत ते देईल ती बरी. माझी दुर्बिणीने झाली, नऊ तास लागले. चाळणीचं हाड, त्यावरचं मेंदूचं आवरण आणि वासाच्या नसांचे कंद काढले. तिथे पडलेलं भोक नाकाच्या पडद्याचं अस्तर वळवून बंद केलं. वास कायमचा जाणार हे मला आधी सांगितलं होतं. गाठ एकाच बाजूला मर्यादित असेल तर क्वचित दुसऱ्या बाजूचा वास वाचवता येतो, म्हणून तेही विचारून ठेवा.

किमो सगळ्यांना लागत नाही. ग्रेड आक्रमक असेल, गाठ काढण्याजोगी नसेल किंवा पसरली असेल तेव्हा देतात, बहुधा सिस्प्लॅटिन आणि इटोपोसाइड. मला दिली नाही.

ऑपरेशननंतरचे आठवडे

नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून येऊ द्यायची, दाबायची नाही. खाली वाकून काही उचलायचं नाही, शौचाला जोर करायचा नाही, त्यासाठी आधीपासून औषध मागून घ्या. डोकं उंचावर ठेवून झोपायचं. किती आठवडे, ते सर्जन सांगतील.

नाकातून पाण्यासारखा स्वच्छ थेंब पडला तर तो मेंदूभोवतालचा द्रव असू शकतो. माझ्या अकराव्या दिवशी असं झालं. चप्पल घालायला वाकले, तर डाव्या नाकपुडीतून टप टप दोन थेंब फरशीवर पडले. घशात खारट चव आली. शेंबूड रुमालावर वाळला की कडक होतो, हा द्रव वाळून रुमाल मऊच राहतो. पण रुमाल वाळायची वाट पाहत बसू नका, लगेच फोन करा. स्वच्छ बाटलीत थोडा द्रव धरून नेला तर बीटा-२ ट्रान्सफेरिन नावाची तपासणी करून खात्री करता येते. मला पुन्हा दाखल केलं, पाठीच्या कण्यात बारीक नळी घालून दाब कमी केला आणि पाच दिवसांत गळती थांबली. त्याच वेळी ताप, मान आखडणं, उजेड सहन न होणं यातलं काही असतं तर मेनिंजायटिसची, म्हणजे मेंदूच्या आवरणाला संसर्ग होण्याची, शक्यता होती, आणि मग तासाचाही उशीर चालत नाही.

नाक धुवायची परवानगी मिळाली की ते रोजचंच काम होऊन बसतं. पाणी उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्ड हवं, थेट नळाचं कधीही नको. नळाच्या पाण्यात क्वचित असणारा एक अमीबा नाकावाटे मेंदूत जातो, आणि आपलं तर मधलं हाडच काढलेलं आहे.

रेडिएशन

साधारण सहा आठवड्यांनी, जखमा भरल्यावर सुरू होतं. त्याआधी दंतवैद्याकडे जाऊन या. काढायचे दात आधी काढून ती जखम भरू द्या, कारण रेडिएशन मिळालेल्या जबड्यात नंतर दात काढणं त्रासाचं ठरतं. मला ६० ग्रे (ग्रे हे रेडिएशनचा डोस मोजायचं माप), ३० दिवसांत विभागून, आठवड्याचे पाच दिवस मिळालं. तोंडावर बसवायचा जाळीचा मुखवटा गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर दाबतात, काही मिनिटांत तो कडक होतो. पहिल्या दिवशी मला त्यात गुदमरल्यासारखं झालं. तंत्रज्ञ मुलगी म्हणाली, "मॅडम, हात वर केलात की मी लगेच आत येते." त्या एका वाक्यावर मी तीस दिवस काढले. बंद जागेची भीती वाटत असेल तर आधीच सांगा, त्यावर उपाय असतात.

"डोळ्यांच्या नसांना एकूण किती डोस जाणार?" हे विचारा. सहसा ५४-५५ ग्रेच्या आत ठेवायचा प्रयत्न असतो. प्रोटॉन यंत्र उपलब्ध असेल तर आपल्या गाठीच्या जागेला त्याचा उपयोग होईल का, तेही विचारा. तिसऱ्या आठवड्यापासून नाकात खपल्या धरतात, तोंड येतं, थकवा बसतो. खपल्या नखाने ओढू नका. धुवा, आणि दुर्बिणीखाली डॉक्टरांना काढू द्या. वर्षानुवर्षांनीही काही गोष्टी उद्भवू शकतात: मोतीबिंदू, डोळ्यांचा कोरडेपणा, मेंदूच्या तळाशी असलेली, हार्मोन्सवर ताबा ठेवणारी पिट्यूटरी ग्रंथी मंदावणं. सततचा थकवा "वयाचा" म्हणून सोडून देऊ नका. थायरॉइड, कॉर्टिसॉल आणि इतर हार्मोन्स वर्षातून एकदा तपासून घ्या. माझं थायरॉइड चौथ्या वर्षी कमी निघालं, गोळीवर व्यवस्थित आहे.

वास गेल्यावरचं घर

धूर ओळखणारा आणि गॅस ओळखणारा, असे दोन अलार्म घरी येण्याआधीच लावून घ्या. उरलेल्या अन्नाच्या डब्यावर तारीख लिहा. जिभेला खारट, गोड, आंबट, कडू कळतं, बाकीची चव नाकाचीच होती हे पहिल्या घासाला समजतं. शाळेत मी आता रसायनांच्या वासावर विसंबून काहीही करत नाही, प्रत्येक बाटलीचं लेबल मोठ्याने वाचते, आणि मुलांनाही ती सवय लागली आहे.

मला सर्वांत जास्त आठवतो तो माझ्या मुलीच्या केसांचा वास. ती तेव्हा सहा वर्षांची होती. याबद्दल समुपदेशकाकडे बोलून मला बरं वाटलं. "जीव वाचला ना, मग वासाचं काय" असं लोक म्हणतात. तरी तुम्हाला दुःख होत असेल तर ते बोला.

तपासण्या थांबवायच्या नाहीत

हा आजार फार सावकाश परततो. दहा वर्षांनी, त्याहून उशिरासुद्धा परतल्याची उदाहरणं आहेत. "पाच वर्षं झाली, सुटलात" हे इतर कॅन्सरांत ऐकलेलं वाक्य इथे लागू नाही. उपचार संपल्यावर तीनेक महिन्यांनी केलेला एमआरआय हा तुमचा मूळ नकाशा. पुढचे सगळे त्याच्याशी ताडून बघतात, म्हणून प्रत्येक स्कॅनची डिस्क जपून ठेवा. पहिली दोन वर्षं मला दर तीन-चार महिन्यांनी दुर्बीण आणि एमआरआय होते, मग सहा महिन्यांनी, आता वर्षातून एकदा. ते आयुष्यभर.

मानेकडे नेहमी दुर्लक्ष होतं. सुरुवातीला मान स्वच्छ असलेल्यांपैकीही काहींना नंतर तिथे गाठी येतात. म्हणून मानेला आधीच रेडिएशन द्यावं का यावर डॉक्टरांत मतभेद आहेत. तुमच्याबाबत काय ठरवलं आणि का, ते विचारून घ्या. मला दिलं नव्हतं. सहाव्या वर्षी सोनोग्राफीत जबड्याखाली डावीकडे १४ मिलिमीटरची गाठ दिसली. हाताला ती लागतही नव्हती. सुईने तपासली, तीच निघाली. मानेची शस्त्रक्रिया झाली, मग तिथे रेडिएशन. लवकर सापडली म्हणून तेवढ्यावर भागलं. सोनोग्राफीची ती फेरी मी शाळेच्या परीक्षांमुळे पुढे ढकलणार होते. मुलीने कॅलेंडरवर लाल गोल करून ठेवला होता, म्हणून गेले.

आता रोज सकाळी दात घासून झाले की आरशासमोर दोन्ही हातांची बोटं जबड्याखालून गळपट्टीच्या हाडापर्यंत फिरवते, आधी डावीकडे, मग उजवीकडे. अर्धा मिनिट लागतो. डावीकडे शस्त्रक्रियेचा जुना, ताणलेला वण लागतो. तो ओळखीचा झाला आहे, त्याच्याशेजारी नवीन काही आलं तर बोटांना कळेल. पुढचा एमआरआय येत्या महिन्यात आहे. लाल गोल केलेला आहे.